इम्युलेटरच्या कोडमध्ये प्रोसेसरचं नाव लिहिण्याआधी

बीबीसी मायक्रो या १९८० च्या दशकातल्या संगणकाचं मॉडेल बी उघडलं की आत ६५०२ए हा प्रोसेसर दिसतो. १९८५ च्या बी प्लसमध्ये त्या जागी ६५१२ए बसलेला असतो, आणि १९८६ च्या मास्टर १२८ मध्ये ६५एससी१२. तिन्ही यंत्रं एकॉर्न या एकाच ब्रिटिश कंपनीची, तिन्हींवर बेसिक तसंच चालतं. आता तुम्हाला इम्युलेटरच्या, म्हणजे जुनं यंत्र नव्या संगणकावर हुबेहूब चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, कोडमध्ये या तिघांचे प्रोसेसर लिहायचे आहेत. किती वेगळी मॉडेलं लागतील?

उत्तर आहे दोन. ६५०२ए आणि ६५१२ए यांची नावं वेगळी, पायांची मांडणी वेगळी, क्लॉक देण्याची पद्धतही वेगळी. प्रोग्रामला मात्र त्यांच्यात काही फरक जाणवत नाही. ६५एससी१२ हा खरोखर वेगळा प्राणी आहे. त्याला जास्तीच्या सूचना कळतात आणि जुन्या सूचनांपैकी काही तो वेगळ्या तऱ्हेने पाळतो. नाव वेगळं आणि वागणं तेच, किंवा नाव जवळपास तेच आणि वागणं वेगळं, अशा दोन्ही फसवणुकी या कामात रोज भेटतात.

हा लेख, ज्यांनी मेम (जुने आर्केड खेळ आणि संगणक चालवणारा इम्युलेटर) किंवा तसा एखादा मुक्तस्रोत इम्युलेटर एकदा तरी स्वतः कंपाइल केला आहे आणि आता त्यात पहिली दुरुस्ती पाठवायची आहे, त्यांच्यासाठी आहे. सी प्लस प्लस थोडंफार वाचता यायला हवं. असेंब्ली येत नसेल तरी चालेल, इथे लागेल तेवढी सांगतो. हेक्स (सोळाच्या पायावरच्या) आकड्यांतली अक्षरं मी उच्चाराप्रमाणे ए, बी, सी, डी अशी लिहिली आहेत.

पहिली पायरी : चिपवर काय छापलंय ते अक्षर अन् अक्षर वाचा

बोर्डचा स्पष्ट फोटो हवा. तिरपा उजेड टाकून काढलेला असेल तर उत्तम, कारण जुन्या चिपांवरची छपाई समोरून दिसत नाही. फोटोवर साधारण तीन गोष्टी सापडतात: बनवणाऱ्याचं चिन्ह किंवा उपसर्ग, मुख्य क्रमांक आणि प्रत्यय, आणि तारखेचा आकडा.

उपसर्ग म्हणजे घराणं. 'आर६५०२' असेल तर रॉकवेल, 'एसवाय६५०२' असेल तर सिनर्टेक, 'एमपीएस' किंवा 'एमसीएस' असेल तर मूळची मॉस टेक्नॉलॉजी. एकाच प्रोसेसरचा परवाना घेऊन अनेक कंपन्या तो बनवत असत, त्यामुळे उपसर्ग बदलला म्हणजे मॉडेल बदललं असं होत नाही. प्रत्ययातला 'ए' हा बहुतेकदा वेगाचा दर्जा असतो: ६५०२ए म्हणजे २ मेगाहर्ट्‌झपर्यंत चालेल अशी कंपनीची हमी. झिलॉगच्या झेड८० चंही तसंच: झेड८०ए ४ मेगाहर्ट्‌झपर्यंत, झेड८०बी ६ मेगाहर्ट्‌झपर्यंत. हे अक्षर कोडमध्ये मॉडेल म्हणून कुठेच जात नाही. मधलं 'सी' मात्र जातं. ६५०२ आणि ६५सी०२ यांच्यातलं ते एक अक्षर म्हणजे एनमॉस आणि सीमॉस या चिप बनवण्याच्या जुन्या आणि नव्या तंत्रांमधली दरी आहे, आणि या लेखाचा अर्धा भाग त्या दरीतच जाणार आहे.

तारखेचा आकडा चार अंकी असतो: आधी वर्ष, मग आठवडा. ८३२७ म्हणजे १९८३ चा २७ वा आठवडा. आता गंमत पाहा. कमोडोर १२८ मध्ये ८५०२ नावाचा खराखुरा प्रोसेसर आहे, आणि '८५०२' हा १९८५ च्या दुसऱ्या आठवड्याचा शिक्काही असू शकतो. फोटोत एकच ओळ वाचता येत असेल तर सुतावरून स्वर्ग गाठू नका. दुसरी ओळ दिसेपर्यंत थांबा.

कधीकधी मुख्य क्रमांकच नसतो. काही आर्केड बोर्डांवर छपाई मुद्दाम घासून काढलेली असते. सेगाच्या १९८० च्या दशकातल्या कित्येक बोर्डांवर ३१५ ने सुरू होणारा कंपनीचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि त्याखाली आतल्या आत सूचना उलगडणारा झेड८० लपलेला असतो. आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'व्हिडिओ गेम' म्हणून घरोघरी आलेल्या, एका कॅसेटमध्ये लाखो खेळ असल्याची बढाई मारणाऱ्या त्या खोक्यांत तर अनेकदा चिपच दिसत नाही, बोर्डवर नुसता काळा डांबरासारखा ठिपका असतो. अशा वेळी छपाई सोडा आणि थेट चौथ्या पायरीवर जा.

दुसरी पायरी : क्लॉक मोजा, पण त्यावरून मॉडेल ठरवू नका

बोर्डवरचा क्रिस्टल (क्लॉकचे ठोके देणारा भाग) शोधा आणि त्याला किती भागलंय ते पाहा. बीबीसी मायक्रोमध्ये १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, त्याला ८ ने भागून २. पॅकमॅनच्या बोर्डवर १८.४३२ मेगाहर्ट्‌झ, ६ ने भागून झेड८० ला ३.०७२. कोडमध्येही हे असंच क्रिस्टल आणि भाजक म्हणून लिहायचं, तयार भागाकार लिहायचा नाही. पुढे कोणी तपासायला आलं तर आकडा कुठून आला ते त्याला एका नजरेत कळतं.

क्लॉक कधी ओळख पटवतो त्याचं सुंदर उदाहरण निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राच्या घराण्यात आहे. अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीच्या, म्हणजे एनटीएससी, यंत्रात २१.४७७२७२ मेगाहर्ट्‌झला १२ ने भागतात, म्हणजे १.७९ च्या आसपास. युरोपच्या पाल यंत्रात २६.६०१७१२ ला १६ ने भागतात, म्हणजे १.६६. आणि पाल टीव्हीसाठी बनलेल्या, रशियात 'डेन्डी' म्हणून गाजलेल्या जातीच्या क्लोनांमध्ये त्याच २६.६०१७१२ ला १५ ने भागतात, म्हणजे १.७७. क्रिस्टल तोच, भाजक वेगळा. नुसता क्रिस्टल पाहून 'पाल आहे' म्हणून मोकळे झालात तर खेळ आणि संगीत दोन्ही किंचित रेंगाळतील, आणि ज्याने लहानपणी ते खोकं वापरलंय त्याचा कान ते लगेच पकडेल.

आणखी एक खाच. बीबीसी मायक्रोचा प्रोसेसर कायम २ मेगाहर्ट्‌झवर चालत नाही. काही संथ उपकरणांशी बोलताना त्याचं चक्र ताणलं जातं आणि तेवढ्यापुरता तो १ मेगाहर्ट्‌झच्या तालावर येतो. हा गुण प्रोसेसरचा नाही, बोर्डचा आहे. म्हणून तो प्रोसेसरच्या फाइलमध्ये घुसवू नका, यंत्राच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे त्या यंत्राचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, लिहा.

तिसरी पायरी : इम्युलेटरकडे कोणती मॉडेलं आधीच आहेत ते पाहा

मेममध्ये प्रोसेसरांचा कोड एका ठिकाणी, घराण्यांच्या नावांच्या फोल्डरांत ठेवलेला असतो. ६५०२ च्या फोल्डरमध्ये गेलात की भाऊबंदकीच दिसते: मूळ ६५०२, अटारी २६०० मधला ६५०७, कमोडोर ६४ मधला ६५१०, फॅमिकॉममधला २ए०३, रॉकवेलचा आणि वेस्टर्न डिझाइन सेंटरचा ६५सी०२, असे एकाखाली एक. प्रत्येकाची क्लास कोणापासून निघाली आहे ते वाचा. मुलाच्या फाइलमध्ये जेवढं नव्याने लिहिलंय, तेवढाच त्याचा आणि बापाचा फरक. डेटाशीट वाचण्याआधी या फाइली वाचल्या तर डेटाशीटमध्ये काय शोधायचं ते कळतं.

या भावंडांतले फरक तीन जातींचे आहेत. ६५०७ मध्ये आतला गाभा तोच आहे. फक्त २८ पायांच्या खोक्यात बसवताना पत्त्याच्या १३ च तारा बाहेर आल्या, म्हणून ८ किलोबाइटच दिसतात, आणि इंटरप्टचे (बाहेरून प्रोसेसरचं काम मध्येच थांबवण्याचे) पायच नाहीत. ६५१० मध्ये गाभा तोच, पण पत्ता ० आणि १ वर एक छोटं पोर्ट जोडलेलं आहे. २ए०३ मध्ये गाभ्यातली दशमान बेरीज बंद केलेली आहे आणि शेजारी आवाजाची यंत्रणा बसवलेली आहे. तिन्हींत सूचना त्याच.

तुमचं नेमकं मॉडेल यादीत नसेल तर नवी क्लास लिहायची घाई करू नका. वागण्यात फरक दाखवता येत नसेल तर जवळचं मॉडेल वापरा आणि शेजारी टिप्पणीत चिपवरचा पूर्ण मजकूर लिहा. बी प्लससाठी ६५०२ वापरून 'बोर्डवर ६५१२ए' एवढी टीप पुरते.

याच पायरीवर एक ऐकीव नाव मनातून काढून टाका. 'गेम बॉयमध्ये झेड८० आहे' असं असंख्य ठिकाणी लिहिलेलं सापडेल. नाही. तो शार्पने बनवलेला प्रोसेसर आहे. त्यात आयएक्स आणि आयवाय ही रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतल्या आकडे ठेवायच्या छोट्या जागा) नाहीत, रजिस्टरांचा राखीव संच नाही, आणि पोर्टावर वाचण्या-लिहिण्याच्या सूचनाही नाहीत. झेड८० आणि त्याआधीचा ८०८० यांचा तो चुलत भाऊ म्हणता येईल, पण झेड८० चा कोड त्याला लावला तर पहिल्या काही सूचनांतच गाडं रुळावरून घसरतं.

चौथी पायरी : प्रोसेसरलाच विचारा

ही पायरी मला सगळ्यात आवडते. छपाई खोटं बोलू शकते, वागणं सहसा बोलत नाही.

६५०२ च्या घराण्यासाठी सहा सूचनांची एक चाचणी पुरते. दशमान फ्लॅग (प्रोसेसरमधली एका बिटाची खूण) चालू करा, कॅरी म्हणजे हातच्याचा फ्लॅग पुसा, संचयकात (बेरजेचं उत्तर जिथे राहतं त्या रजिस्टरात) हेक्स ९९ भरा, त्यात १ मिळवा, दशमान फ्लॅग बंद करा, परत या. दशमान पद्धतीत ९९ अधिक १ म्हणजे ००, हातचा १. आता निकाल पाहा:

एनमॉस ६५०२ वर उत्तर ०० येतं, पण शून्याचा फ्लॅग लागत नाही, कारण तो फ्लॅग दुरुस्तीआधीच्या ९ए या द्विमान बेरजेवरून ठरतो. सीमॉस ६५सी०२ वर उत्तर ०० येतं आणि शून्याचा फ्लॅग बरोबर लागतो. त्यासाठी तो एक चक्र जास्त घेतो. फॅमिकॉमच्या २ए०३ वर उत्तरच ९ए येतं, कारण दशमान फ्लॅग चालू करता येत असला तरी बेरीज करणारा भाग त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही.

एकाच बेरजेत तिघे वेगळे झाले.

बीबीसी मायक्रोवर हे करून पाहणं फार सोपं आहे, कारण त्याच्या बेसिकमध्येच असेंब्लर आहे. ओळींचा क्रम असा ठेवा: एसईआय, एसईडी, सीएलसी, एलडीए #&९९, एडीसी #१, सीएलडी, सीएलआय, आरटीएस. सुरुवातीचं एसईआय आणि नंतरचं सीएलआय यासाठी, की दशमान फ्लॅग चालू असताना मध्येच इंटरप्ट येऊन घोळ घालू नये. मग हा तुकडा यूएसआर फंक्शनने बोलवा आणि आलेला आकडा हेक्समध्ये छापा. यूएसआर चारही रजिस्टर एका आकड्यात गुंफून देतं: डावीकडून फ्लॅग, वाय, एक्स आणि शेवटी संचयक. डावीकडून दुसरा अंक पाहा. तो १ असेल तर एनमॉस, ३ असेल तर सीमॉस. मॉडेल बी वर १ आणि मास्टरवर ३ यायला हवा. इम्युलेटरमध्ये तसं येत नसेल तर तुमची पहिली दुरुस्ती सापडली.

एक सापळा मात्र आहे. बीबीसी मायक्रोला 'ट्यूब' नावाच्या जोडणीतून दुसरा प्रोसेसर लावता येतो, आणि एकॉर्नच्या ६५०२ सेकंड प्रोसेसरमध्ये ३ मेगाहर्ट्‌झचा ६५सी०२ असतो. तो जोडलेला असेल तर बेसिक त्याच्यावर चालतं. मग मॉडेल बी वरही उत्तर ३ येईल, आणि तुम्ही मुख्य प्रोसेसरवर नाहक आळ घ्याल. चाचणीआधी ट्यूब रिकामी आहे ना ते बघा. (१९८४ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून आपल्या शाळांत बीबीसी मायक्रोच आले होते. त्या पिढीतल्या कोणा शिक्षकाकडे अजून एखादा धूळ खात पडला असेल, तर त्याच्या आतला फोटोही उपयोगी पडेल.)

बेरजेखेरीज आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. एनमॉस ६५०२ वर अप्रत्यक्ष उडीचा पत्ता पानाच्या शेवटच्या बाइटवर असेल, समजा १२एफएफ, तर दुसरा बाइट १३०० वरून यायला हवा, पण तो १२०० वरून येतो. सीमॉसमध्ये ही चूक सुधारली. दुसरी खूण: वाचून, बदलून, परत लिहिणाऱ्या सूचनांत एनमॉस आधी जुनी किंमत एकदा लिहितो आणि मग नवी. सीमॉस त्याऐवजी दोनदा वाचतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण कमोडोर ६४ वर चित्र-चिपच्या डी०१९ रजिस्टरमधला इंटरप्ट पुसायला लोक सर्रास एका सूचनेत काम उरकत, आणि ती युक्ती चालते ती या जुन्या किमतीच्या जादा लिहिण्यामुळेच.

झेड८० साठी वेगळी चाचणी आहे. ईडी ७१ ही डेटाशीटमध्ये नसलेली सूचना पोर्टावर काय पाठवते ते पाहा. एनमॉस ० पाठवतो, सीमॉस एफएफ. इंटेलच्या घराण्यात स्टॅक पॉइंटरच स्टॅकवर ढकलून पाहायचा: ८०८६ आणि ८०८८ कमी झालेली किंमत ढकलतात, २८६ पासून पुढचे मूळ किंमत. मोटोरोलाच्या ६८००० आणि ६८०१० मध्ये फरक हवा असेल तर स्टेटस रजिस्टर वाचणारी सूचना साध्या प्रोग्राममधून चालवा: ६८००० मुकाट्याने वाचू देतो, ६८०१० अपवाद उठवतो.

जो प्रोसेसर स्वतःचं नाव सांगतो, त्याच्याबद्दल

वरचे सगळे मुके प्रोसेसर. पेन्टियमच्या काळापासून इंटेल-एएमडीचे प्रोसेसर सीपीयूआयडी सूचनेला उत्तर देतात, आणि आर्मच्या प्रोसेसरांत ओळखीचं एक रजिस्टर असतं. क्यूएमूसारख्या, आभासी यंत्रं चालवणाऱ्या इम्युलेटरवर काम करणाऱ्याला इथे ओळख शोधायची नसते, पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमला ती बरोबर सांगायची असते.

नवखे इथे हमखास एका जागी पडतात. इंटेलच्या हॅसवेल पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरची सही ३०६सी३ अशी असते. उजवीकडून ३ हा स्टेपिंग (त्याच चिपची सुधारित आवृत्ती), सी हे मॉडेल, ६ ही फॅमिली. मग मॉडेल १२? नाही. फॅमिली ६ किंवा १५ असेल तर विस्तारित मॉडेलचा अंक मॉडेलच्या डावीकडे जोडायचा. तो इथे ३ आहे, म्हणून मॉडेल ३सी, म्हणजे दशमानात ६०. विस्तारित फॅमिली मात्र फॅमिली १५ असेल तेव्हाच, आणि ती जोडायची नाही, मिळवायची. एक जोडायचा आणि एक मिळवायची, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

आर्मचं सोपं आहे. ४१०एफडी०३४ घ्या. डावीकडचे ४१ म्हणजे आस्कीतलं आर्म कंपनीचं आद्याक्षर, मधले डी०३ म्हणजे कॉर्टेक्स ए५३, आणि उरलेला ० व शेवटचा ४ मिळून आवृत्ती. रास्पबेरी पाय ३ हेच उत्तर देतो.

क्यूएमूमध्ये मॉडेलचं नाव हा एक करारही असतो. चालू असलेलं आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना दोन्हीकडे त्या नावाचा अर्थ तोच असावा लागतो. म्हणून तिथे जुन्या मॉडेलची व्याख्या बदलत नाहीत, त्याची नवी आवृत्ती जोडतात. हॅसवेलचे टीएसएक्स ही सुविधा असलेले आणि नसलेले असे दोन प्रकार यादीत दिसले तर ती कोणाची हौस समजू नका. त्या सुविधेत खऱ्या चिपांमध्ये दोष निघाला आणि ती बंद करावी लागली.

शेवटची पायरी : पॅच पाठवणं

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. एका जुन्या यंत्राचा प्रोग्राम इम्युलेटरवर सुरू होताच कोसळत होता. मी प्रोसेसर ६५०२ चा ६५सी०२ केला आणि तो चालायला लागला. आनंदाने पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवला, वर्णनात लिहिलं, 'प्रोसेसर चुकीचा होता, आता चालतं.' तपासणाऱ्याने एकच प्रश्न विचारला: चिपचा फोटो आहे का? नव्हता. आठवड्याने फोटो मिळाला तर त्यावर स्वच्छ ६५०२. खरी चूक चित्राच्या इंटरप्टच्या वेळेत होती. ६५सी०२ च्या एखाद-दुसऱ्या जादा चक्रामुळे ती योगायोगाने झाकली गेली होती, एवढंच.

तेव्हापासून पॅचच्या वर्णनात मी चार गोष्टी लिहितो: चिपवरचा मजकूर जसाच्या तसा, क्रिस्टल आणि भाजक, कोणती चाचणी खऱ्या यंत्रावर चालवली आणि तिचं उत्तर, आणि यातलं काय माझ्याकडे नाही. शेवटची लिहायला लाज वाटते, पण तपासणाऱ्याचा वेळ तीच सर्वाधिक वाचवते.

एका पॅचमध्ये एकच बदल ठेवा. मॉडेल बदलताना शेजारचा कोड नीटनेटका करायचा मोह होतो, तो पुढच्या पॅचसाठी राखा. एका खेळासाठी प्रोसेसरच्या सामाईक फाइलला हात लावू नका, कारण त्याच फाइलवर शेकडो यंत्रं उभी असतात. आणि पाठवण्याआधी मेमची स्वतःची व्हॅलिडेट तपासणी चालवा.

फोटो मिळत नसेल आणि यंत्रही हाताशी नसेल तर आधीचं मॉडेल तसंच ठेवा, आणि टिप्पणीत लिहा: 'प्रोसेसर पडताळलेला नाही, बोर्डचा फोटो हवा.' मेमच्या कोडमध्ये अशा टिपा सापडतात, आणि कधीतरी कोणीतरी माळ्यावरून बोर्ड काढून फोटो पाठवतं.